फवारणीच्या दिवसांतलं चित्र

पोळा सरला की आमच्याकडची हवा बदलते. पाऊस उघडीप देतो, ऊन अंगाला चिकटतं आणि कमरेएवढ्या पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीतून, एक वास उठतो. अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या एसटीत बडनेरा मागे पडलं की तो खिडकीतून आत येतो. उग्र, थोडा गोडसर, घशात बसणारा. पऱ्हाटीवर औषध मारण्याचे हे दिवस. गाडीतले शहरातले लोक काचा ओढून घेतात. ज्यांची वावरं आहेत ते ओढत नाहीत. त्यांच्यासाठी ती काम चालू असल्याची खूण असते. मी काच अर्धी उघडी ठेवतो. यंदाही ठेवली होती. शेजारचा माणूस म्हणाला, "लावून घ्या ना सर, डोकं धरते." मी लावली. पण तोवर वास आत आला होता, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत तो माझ्याजवळ बसून राहिला.

हे दिवस आले की कोणाला बैलांच्या रंगवलेल्या शिंगांची आठवण येते, कोणाला झडीनंतरच्या हिरव्या धुऱ्यांची, बांधांची. मला एक संगणक आठवतो. अमरावतीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीतला, एका बाजूचा पत्रा काढून ठेवलेला, आतल्या तारा उघड्या पडलेला. त्याचा मॉनिटर आम्ही टेबलावरून काढून ट्रंकेवर ठेवला होता, कारण त्याच्यासमोर माझी माय जमिनीवर बसणार होती. खुर्चीवर बसून तिला काहीच नीट पाहता येत नसे. पाय लोंबकळतात, म्हणायची, ध्यान लागत नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बीएस्सी झालो तेव्हा गावात पेढे वाटले ते माझ्या भावानं, गजूनं. बाबा गेले तेव्हा गजू शाळेत होता आणि माझ्याहून अभ्यासात बरा होता. त्यानं दप्तर खुंटीला अडकवलं ते पुन्हा काढलं नाही. मला मात्र एकदाही वावरात राहू दिलं नाही. निंदणाच्या दिवसांत मी घरी आलो की तो मला परतीच्या गाडीत बसवून द्यायचा. "दोघंबी इथंच राह्यलो तं बाहेरचं कोन पाहीन?" असं म्हणायचा. त्याच्यासाठी पाहणं हे माझं काम होतं आणि करणं हे त्याचं.

लहानपणीही तसंच होतं. घरात काळा-पांढरा टीव्ही होता आणि पत्र्याच्या छतावर ॲण्टेना. रविवारी चित्र हललं की गजू वर चढायचा आणि पाइप फिरवायचा. खालून मी ओरडायचो, "आलं! आलं! ...गेलं!" कधी कधी त्यानं पाइप हातात धरला की चित्र स्थिर व्हायचं आणि सोडला की पुन्हा मुंग्या. मग तो तसाच उन्हात धरून उभा राहायचा. आत बसून अर्धं गाव सामना पाहायचं, आणि कोणी चौकार मारला की आम्ही वर तोंड करून त्याला ओरडून सांगायचो. तो वरून विचारायचा, "कोनं मारला बे?"

तो गेला त्या वर्षी फवारणीच्या दिवसांत आमच्या गावात शूटिंगवाले आले होते. शेतीच्या कार्यक्रमासाठी चित्रण होतं, विषय होता औषध फवारताना घ्यायची काळजी. त्यांना एक तरुण शेतकरी हवा होता आणि गजूची पऱ्हाटी रस्त्यालगत होती. मला संध्याकाळी त्याचा फोन आला.

"अबे इन्या, मी टीव्हीवर येऊन राह्यलो!"

"काय घातलं होतं?"

"पांढरा कोट. डोयाले चष्मा, तोंडाले रबराचा मुखवटा, हाताले लाल मोजे. लेका, चंद्रावर चाल्लो जसा काई. माय तं भेली मले पाहून."

फोनवर तो खूप हसला. मला वाटतं, मीही हसलो.

त्याच आठवड्यात तो दुपारी धुऱ्यावर पडलेला सापडला. बाजूला फवारणीचा पंप होता. अकोल्याला नेता नेता रस्त्यातच गेला. डॉक्टर म्हणाले, विषबाधा. ती कशी झाली, हे त्यांनी सांगितलं नाही. ते सांगणं जणू घरच्यांचं काम होतं.

ती वर्षं ज्यांनी आमच्याकडे काढली त्यांना पुढचं सांगायला नको. वर्तमानपत्रात आमच्या जिल्ह्यांची नावं रोज यायची, आणि एकाच कारणानं. शेतात औषधाजवळ मेलेल्या तरुण माणसाकडे पाहण्याची दुसरी रीतच उरली नव्हती. धूळ उडवत गाड्या यायच्या, भली माणसं उतरायची, मायसमोर बसायची आणि हळू आवाजात विचारायची, "काहून घेतलं त्यानं औषध?" घेतलं का, असं एकानंही विचारलं नाही. माय सगळ्यांना एकच सांगायची. "त्यानं नाही घेतलं. तो फवारून राह्यला होता. बार्शीटाकळीकडली पोरगी पाह्यली होती आमी त्याच्यासाठी. दसऱ्याले बोलनी होती." लोक मान हलवायचे. आई असंच म्हणणार, असं त्या मानेत असायचं.

मग तेरवीनंतर काही दिवसांनी तो कार्यक्रम लागला. नामदेवकाकांकडे रंगीत टीव्ही होता, तिथं गाव जमलं. नामदेवकाका आमचे शेजारी, बाबांच्या वयाचे, गजूला मुलासारखं मानणारे. चित्र धुरकट होतं. पऱ्हाटीत एक पांढरा माणूस पंप घेऊन चालत होता आणि निवेदकाचा आवाज सांगत होता की फवारणी करताना नाक-तोंड झाकावं, वाऱ्याच्या दिशेनं चालावं. शेवटी त्या पांढऱ्या माणसानं चष्मा काढला, मुखवटा खाली ओढला आणि आमच्याकडे पाहिलं. तो काहीतरी बोललाही, पण त्यावर निवेदकाचाच आवाज होता. काही क्षण गजूचा चेहरा दिसला, म्हणजे त्याच्या चेहऱ्याच्या जागी एक तांबूस डाग दिसला, आणि बैलांच्या औषधांचा पुढचा भाग लागला.

कोणी म्हणालं, हासून राह्यला होता. कोणी म्हणालं, नाही, उतरला होता गडी. आणि मागून कोणीतरी, वाईट मनानं नव्हे, सहज म्हणालं, "एवढं सारं घालून फवारे तो. मंग त्याले औषधाची हवा कशी लागन?"

माय उठून घरी आली. त्या प्रश्नानं तिच्या बाजूची एकुलती एक गोष्ट काढून घेतली होती. तिनं घर शोधलं, वावरातली झोपडी शोधली. मुखवटा नव्हता, चष्मा नव्हता. "फेकून देल्ला अशीन," नामदेवकाका म्हणाले. ज्याला जगायचं आहे तो मुखवटा कशाला फेकेल, हे कोणी बोललं नाही. सगळ्यांना ते ऐकू आलं.

त्यानंतर माय बदलली. तोवर ती गजूसाठी भांडत होती, आता गजूशी भांडू लागली. भाकरी थापताना, शेण काढताना, पुटपुटत. "मले इचारावं तं खरी. मायले सांगावं तं खरी." त्याचे कपडे तिनं देऊन टाकले. फोटो लावू दिला नाही. फोटो होता तरी कुठं? शाळेतला एक, त्यात तो इतका लहान की तो गजू नव्हेच, आणि मतदार ओळखपत्रावरचा, ज्यात तो कोणीही असू शकला असता. मी तिला सांगितलं की फोनवर तो किती हसला होता. ती म्हणाली, "तुह्याशी तो सदाई हासूनच बोले. तुह्या अभ्यासात खोट नको म्हनून."

खरं होतं ते.

पुढच्या उन्हाळ्यात ती एकदा अमरावतीला माझ्याकडे आली. मी तेव्हा एका शिकवणी वर्गात विज्ञान शिकवत होतो. बाजारात टीव्हीच्या दुकानासमोर ती थांबली. काचेआड मोठा सपाट टीव्ही चालू होता, त्यात एक बाई कसलीशी पूड मसाल्यात टाकत होती आणि पुडीचा कण न् कण दिसत होता. माय बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "नामदेव म्हन्ते, गजूचा तो परोगराम आता दरसाली फवारनीच्या दिवसात लावतीन. इन्या, मले त्याचं तोंड असं साफ पाह्यचं हाय. एकदा. मायले समजते रे. तोंड पाह्यलं का समजते, मनात काय होतं ते."

तेवढंच तिला हवं होतं. तो तिला सोडून गेला की तिच्यापासून नेला गेला, एवढंच.

तो टीव्ही माझ्या आवाक्यातला नव्हता, पण संगणक होता, आणि अन्वर होता. अन्वर माझा वसतिगृहातला मित्र, अकोल्याचा. त्याच्या वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि याला नवं काही बाजारात आलं की हातात घेतल्याशिवाय झोप नाही. त्याला फोन केला तर पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "टीव्ही कशाला बे? ट्यूनर कार्ड टाकू. डिशच्या छत्रीची तार सीधी संगणकात. एचडी हाय, बावा! माणसाच्या नाकातला केस दिसन." मग मी कोणासाठी ते सांगितलं. तो म्हणाला, "रविवारी येतो."

त्या वेळी एचडी हा शब्द आमच्यासाठी औषधासारखा होता. खोक्यावर तो लिहिलेला असला की पुढचं सगळं नीट होणार. मी पदार्थविज्ञान शिकलो होतो, अन्वरचं बालपण टीव्हीच्या पोटात गेलं होतं, आणि दोघांनाही एक साधी गोष्ट सुचली नाही. ती पुढे येईलच.

पोळ्याच्या आठवड्यात माय येऊन राहिली. अन्वरनं अकोल्याहून येताना पोत्यात गुंडाळून छत्री आणली होती. कार्ड बसलं, सीडीवरचं सॉफ्टवेअर चढलं. मग छत्रीची दिशा लावायची होती. अन्वर गच्चीवर, मी जिन्यात, आणि संगणकासमोर माय. पडद्यावर एक पट्टी होती. सिग्नल नसला की लाल, मिळाला की हिरवी. मायला वाचता येत नाही, पण हिरवं-लाल तिला सांगावं लागलं नाही.

"मौशी, काय झालं?" वरून अन्वर.

"लालच हाय रे बावा!"

"आता?"

"हिरवं होऊन राह्यलं... होऊन राह्यलं... गेलं! काहून हालवलं तू? बरं होऊन राह्यलं होतं ना!"

"मौशी, हवा हाय वर!"

"हवेले काय दोष देते? हात धर घट्ट!"

घरमालकीणबाई दारात येऊन हसायला लागल्या. मायही हसली, वर्षभरात पहिल्यांदा. मी जिन्यात उभा होतो, वर पाइप धरलेला अन्वर आणि खाली ओरडणारी माय यांच्या मधोमध, आणि मला क्षणभर कळेना की मी कोणत्या घरात आहे. मग एकदम पट्टी भरली आणि तशीच राहिली. "हिरवं!" माय ओरडली, "हिरवंगार! सोडू नको!"

एक एचडी वाहिनी फुकट दिसत असे. ती लावली तर चित्र अडखळत पुढे जाई, जणू दम लागला आहे. जुन्या प्रोसेसरला ते झेपत नव्हतं. अन्वर पुन्हा अकोल्याला जाऊन ग्राफिक्स कार्ड घेऊन आला. ते बसलं तेव्हा दुपार होती. पडद्यावर जंगल होतं. एका पानावर पाण्याचा थेंब होता आणि थेंबात दुसरं झाड होतं. नंतर कुठलासा धावपटू आला, रेषेशी वाकलेला, आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळताना दिसला. माय गुडघ्यांवर पुढे सरकली.

"घाम दिसते रे याचा," ती म्हणाली. "कोनाचा कोन पोट्टा, त्याचा घाम दिसते मले." तिनं पडद्याला बोट लावलं आणि पाहिलं, ओलं झालं का. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग माह्या गजूचं तं सारंच दिसन."

अन्वर वायर गुंडाळत होता. आम्ही दोघांनीही हो म्हटलं.

त्या संध्याकाळपासून शेतीचा कार्यक्रम आम्ही रोज लावू लागलो. शिवाय संगणक तो आपोआप साठवून ठेवायचा, म्हणजे वीज, पाऊस, काही आडवं आलं तरी हातचं जाऊ नये. माय पदर नीट करून बसायची. शेळ्या, सोयाबीन, ठिबक, संत्र्यावरची गळ, सगळं पाहायची आणि बोलत राहायची. "हा साहेब वावरात कधी गेलता का? चपला पाह्य कशा कोऱ्या हायत." "ही बकरी आजारी हाय. डोये पाह्य तिचे. हे लोक तिले चांगली म्हनून दाखवून राह्यले." मला वाटतं, तिला तो रोजचा वेळ आवडू लागला होता. वाट पाहणं हेही एक काम असतं, आणि आमच्या माणसांना काम असलं की बरं असतं.

आणि एक दिवस, गौरी गेल्यानंतरच्या एका संध्याकाळी, अन्वरही आलेला असताना, पडद्यावर आमचं वावर आलं. मी ते बाभळीवरून ओळखलं, मायनं त्याच्या चालण्यावरून. "आला," ती म्हणाली. तेवढंच.

नामदेवकाकांच्या टीव्हीपेक्षा चित्र बरंच बरं होतं. मुंग्या नव्हत्या. कोट पांढरा आणि मोजे लाल दिसत होते. पण थेंबातलं झाड दिसावं तसं काही दिसत नव्हतं. सगळ्यावरून कोणीतरी ओलं फडकं फिरवल्यासारखं होतं. मी आणि अन्वरनं एकमेकांकडे पाहिलं, आणि ती साधी गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात आली. त्या कॅमेऱ्यानं जेवढं घेतलं होतं तेवढंच येणार होतं. आमचा पडदा कितीही बारीक असो, कॅमेऱ्यानं जे टिपलंच नव्हतं ते तो कुठून आणणार?

गजूनं चष्मा काढला, मुखवटा उतरवला.

"थांबव!" माय म्हणाली.

साठवलेलं चित्र थांबवता येत होतं. मी थांबवलं. हलतं चित्र थांबवलं की त्याच्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येत. त्या नेमक्या त्याच्या गालांवर आल्या.

"रेघा काहून हायत त्याच्या तोंडावर?"

अन्वरनं काहीतरी बदललं, रेघा गेल्या. "मोठं कर," माय म्हणाली. मी मोठं केलं. डोळ्यांच्या जागी दोन काळसर खळगे आले. "आनखी कर." मी केलं. गजू चौकोनांचा झाला. तपकिरी, गुलाबी, करडे चौकोन. माय अगदी जवळ गेली. तिचा श्वास काचेवर उमटत होता. चौकोनावरून बोट फिरवत ती म्हणाली, "हे काय होय? हे तोंड होय का?"

मी एकेक चित्र पुढे सरकवलं. एकात त्याचं तोंड उघडं वाटलं, दुसऱ्यात मिटलेलं. हसताना डोळे बारीक होतात आणि उन्हाकडे पाहतानाही होतात. थकलेला माणूसही ओठ ताणतो. मी तिला सांगू शकलो असतो की तो हसतो आहे. अन्वर म्हणालाही, "मौशी, हासून राह्यला तो." मायनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तू चांगला पोरगा हायस," ती म्हणाली, "पन दिसत नाही ते."

मी चित्र पुन्हा लहान केलं. आता पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून सुरुवातीपासून तसंच चालू दिलं. खोलीत दिवा लावायला कोणी उठलं नाही. गजू चालला, फवारत राहिला, थांबला. चष्मा, मुखवटा. मी आणि अन्वर सवयीनं त्याच्या चेहऱ्याकडेच पाहत होतो.

"हा कोनाचा हात होय?" मायनं विचारलं.

"कुठं?"

"इथं. काठावर."

मी मागे नेलं. जुन्या, पेटीसारख्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे दडलेल्या असत. गावात कोणालाच त्या दिसल्या नव्हत्या. संगणकाचा पडदा आलेलं सगळं दाखवत होता, अगदी काठापर्यंत. आणि काठावर, गजूच्या डाव्या बाजूला, एक हात होता. मनगटावर घड्याळ, तळवा वर केलेला. गजू कॅमेऱ्याकडे पाहून काहीतरी बोलत होता आणि तो हात वाट पाहत होता. मग बोटं हलली, जशी आपण 'द्या, द्या' म्हणताना हलवतो. गजूनं चष्मा त्यात ठेवला. मुखवटा ठेवला. आणि तो लाल मोजा बोटांपासून ओढू लागला तेवढ्यात बैल आले.

मायनं पुन्हा लावायला सांगितलं. पाहून झाल्यावर म्हणाली, "परत मांगून घेतलं त्याईनं."

तिनं बोट त्या हातावरच ठेवलं होतं.

"म्हंजे त्याच्यापाशी काईच नोतं. उघड्या तोंडानं फवारे तो." मग, "फेकलं नोतं त्यानं. देल्लं होतं."

आणि ती रडली. गजूला आणलं तेव्हा ती ओरडली होती, तेरवीला सुन्न होती, पण रडली ती त्या दिवशी, ट्रंकेला डोकं लावून. "मी त्याले सालभर बोल्ली रे," ती म्हणत होती. "रोज बोल्ली. सकायी उठली का बोल्ली. अन त्यानं काईच केलं नोतं." अन्वर बाहेर जाऊन पायरीवर बसला.

त्या हाताबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. त्याचा मला धड राग करता येत नाही. त्यांच्याकडे तो एकच संच असेल. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव असेल, तिथला दुसरा तरुण तो घालून चालला असेल. हात कोणा नोकरदाराचा असेल, वस्तू सांभाळून परत नेण्याची जबाबदारी असलेला. काळजी कशी घ्यावी हे दाखवायला ते आले होते आणि ते त्यांनी नीट दाखवलं. माझ्या विज्ञानाच्या तासाला मी मुलांना प्रयोग दाखवतो आणि भिंग परत पेटीत ठेवतो, तेव्हा कधी कधी माझाच हात मला तसा दिसतो. पण माझ्या भिंगावाचून मुलांचं काही अडत नाही.

मायला तो माणूस, ते शूटिंग, यातलं काहीच नको होतं. नामदेवकाकांना, त्या गाड्यांतून आलेल्या लोकांना बोलावून दाखवू या, असं अन्वर म्हणाला, तर ती म्हणाली, "कोनाले दाखवू? ज्याच्यावर मी रागावली होती तो तं पाह्यला येत नाही." तिनं फक्त फोटो मागितला. गजूचा, त्यातलाच.

अन्वरनं तो मुखवटा उतरवल्यानंतरचा क्षण निवडला, ज्यात तो हात दिसत नाही. मायला फोटो मोठा हवा होता, भिंतभर. मोठा काढला तर चेहरा फुटला. जरा लहान काढला, तरी डोळे विरघळले. असं करत करत तळहातावर मावेल एवढा झाला तेव्हा तो गजू झाला. चौकट मात्र तिनं मोठीच आणवली. त्यामुळे आमच्या घरी आता भिंतीवर एक मोठी चौकट आहे, तिच्यात बराचसा कोरा पांढरा कागद आणि मधोमध माझा भाऊ. नवं माणूस आलं की विचारतं, एवढी मोठी चौकट अन फोटो एवढासा? माय सांगते, "मोठा केला का मोडते तो."

यंदा मी मूर्तिजापूरला उतरून गावी पोचलो तेव्हा चार वाजले असतील. माय चुलीशी होती. आता तिची दृष्टी अधू झाली आहे, तरी चहा तीच करते. बाहेरून पंपाचा आवाज येत होता. कोणीतरी फवारत होतं. तोंडाला फडकं असेल, तेही नसेल. मी बॅग ठेवली आणि भिंतीपाशी गेलो. मी दरवेळी जातो. तो हसतो आहे का, हे मला अजून कळलेलं नाही, आणि आता त्यावर काहीही अवलंबून नसलं तरी मला ते हवं असतं. माझ्याशी तो सदाच हसून बोलायचा. एकदा तरी माझ्यासाठी न हसलेला, नुसता स्वतःसाठी हसलेला गजू मला पाहायचा आहे. मी चष्मा कपाळावर सारला आणि आणखी जवळ गेलो, इतका की कागदावरचे ठिपके वेगवेगळे होऊ लागले.

"इन्या," मायनं चुलीकडूनच हाक मारली. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. "जवय नको जाऊ त्याच्या. तिथूनच पाह्य."